पलटण बाहेर, आम्ही आत!

"अगं, आता कशाला जायचंय? तुमची पलटण तर केव्हाच घरी बसली!"

२०२४ च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा. एका दिवसात हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. सकाळी डबा भरताना आमच्या ह्यांच्याकडून, दुपारी दिरांकडून, संध्याकाळी दळण आणायला गेले तेव्हा गिरणीवाल्या भाऊंकडून आणि रात्री फोनवर माझ्या सख्ख्या बहिणीकडून. सगळ्यांचा सूर एकच, रडणाऱ्या पोराची समजूत घालावी तसा!

त्याचं असं झालं. आमचा मुळशी तालुका तसा लाल मातीतला. महाराष्ट्राच्या कुस्तीला ज्यांनी वळण लावलं ते मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठा गावचे. जत्रेतला आखाडा आणि कबड्डीचं मैदान इथल्या माणसांना नवीन नाही. नवीन आहे ते बायकांना. आखाड्याच्या कडेला आमची जागा नसायची. लांबून, कुणाच्या तरी गच्चीवरून दिसेल तेवढं बघायचं.

मग २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मैदान आमच्या स्वयंपाकघरासमोर आलं. सामना रात्री आठ-नऊच्या सुमाराला, म्हणजे नेमका पोळ्यांच्या वेळी. चाळीस मिनिटांचा खेळ, मध्यंतर धरून तासाभरात आटोपतो. एका डोळ्यानं तवा आणि एका डोळ्यानं टीव्ही बघता बघता आम्ही जावा-जावा कधी या खेळात गुंतलो कळलंच नाही. पुण्याचा संघ म्हणजे पुणेरी पलटण, म्हणून तो आमचा. आमच्या सासूबाई लहानपणी शाळेत हुतूतू खेळलेल्या. त्या तर जपमाळ हातात ठेवून "धर, धर, घोट्याला धर!" असं ओरडायच्या!

१ मार्च २०२४ च्या रात्री पलटणीनं हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदा चषक आणला. पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गडी टिपले तेव्हा माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं होतं. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणायचं. आणि बचावात डाव्या कोपऱ्यावर इराणचा मोहम्मदरेझा शादलू. त्या मोसमात पलटणीनं त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते. सासूबाईंना त्याचं नाव उच्चारता येत नाही, त्या त्याला 'आपला इराणी' म्हणतात.

पुढचा, म्हणजे अकरावा मोसम ऑक्टोबरात सुरू झाला आणि बातमी आली, की शेवटचा टप्पा, बाद फेरी आणि अंतिम सामना पुण्यात, बालेवाडीला! पौडहून चांदणी चौकातून गेलं, की तासाभराच्या अंतरावर. बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला आणि हिशेबाची वही बाजूला राहिली. रविवार, २९ डिसेंबर, अंतिम सामना, आपली पलटण आणि आपण पाच जणी! प्रत्येकीनं आपापल्या साठवणीतून पैसे काढले. भाच्यानं मोबाईलवरून तिकिटं काढून दिली, ओळखीची जीप ठरली.

आणि पलटण घसरायला लागली. अस्लमचा गुडघा दुखावला, तो मोसमाच्या मध्येच बाहेर गेला. शादलूला तर मोसमाआधीच्या लिलावात हरियाणानं उचललं होतं, २ कोटी ७ लाखांना. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने, त्यातले वरचे सहा पुढे जाणार. पलटण आठवी आली. आपल्याच गावात मांडव पडलेला आणि आपलाच नवरदेव नाही!

आमच्या धाकट्या जाऊबाई फटकळ. म्हणाल्या, "घरचं लग्न मोडलं म्हणून दुसऱ्याच्या वरातीत नाचायचं का, ताई? देऊन टाका तिकिटं कुणाला तरी."

खरं सांगू? माझ्याही मनात तेच आलं होतं. आपला संघ गेला, की टीव्हीचा आवाजसुद्धा नकोसा होतो. पूर्वीसुद्धा हे अनुभवलं होतं. २००७ साली माझं लग्न नवीन होतं. वेस्ट इंडिजमधल्या विश्वचषकात भारत आधी बांगलादेशाकडून आणि मग श्रीलंकेकडून हरून मार्चमध्येच परतला आणि सासऱ्यांनी टीव्हीवर चक्क कापड टाकलं. २८ एप्रिलला अंतिम सामना झाला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या गिलख्रिस्टनं १४९ धावा कुटल्या, असं दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. क्रिकेटवेडं म्हणवणाऱ्या आमच्या घरात ती खेळी कुणीच पाहिली नाही! रुसून बसलो ते आम्ही. गिलख्रिस्टचं त्यात काय गेलं?

पण या वेळी मला एक वेगळीच गोष्ट खटकायला लागली. "पलटण नाही, मग कशाला जायचं?" असं आम्हाला विचारणारे आमचे पुरुष स्वतः काय करतात? आमचे दीर रात्री एक-एक वाजेपर्यंत कुठल्या तरी परदेशी संघांचा फुटबॉल बघतात. कुठला संघ कुठल्या गावचा हेही त्यांना धड सांगता येत नाही. त्यांना कुणी विचारत नाही, "तुमचं कोण आहे त्यात?" बघावंसं वाटलं, बघितलं. झालं!

आम्हा बायकांना मात्र प्रत्येक आनंदाला एक कारण जोडावं लागतं. देवदर्शनाला म्हणून बाहेर पडायचं आणि वाटेत बहिणीला भेटायचं. हळदीकुंकवाला म्हणून जायचं आणि तासभर गप्पा मारायच्या. बालेवाडीचं कारण होतं 'आपली पलटण'. त्या कारणावर रात्री आठचा सामना, घाटातून अकरा-साडेअकराला परत येणं, सगळं मंजूर झालं होतं. पलटण गेली आणि परवानगीसुद्धा तिच्याबरोबर गेली. उरली ती नुसती आवड. नुसत्या आवडीसाठी बाईनं रात्री घराबाहेर जायचं? हे कुणाच्या पचनी पडेना. आणि मैत्रिणींनो, कबूल करते, आधी ते माझ्याही पचनी पडत नव्हतं.

याच दिवसांत आमच्या गटातली एक मैत्रीण घरी आली. तिची लेक दहावीत, शाळेच्या कबड्डी संघात. शाळेचा संघ तालुक्यात पहिला आला तेव्हा बापानं गल्लीभर पेढे वाटले. मग जिल्हा पातळीवर पहिल्याच सामन्यात मुली हरल्या आणि बापानं खेळाचे बूट माळ्यावर टाकले. "खेळाचे वाढीव गुण मिळतील म्हणून खेळू दिलं. आता हरल्यात ना? मग बास झालं. अभ्यास कर, घरातलं शीक." पोरगीनंही हूं की चूं केलं नाही. टीव्हीवर कबड्डी लागली, की उठून आत जायची.

मैत्रीण म्हणाली, "ताई, माझं तिकीट आहे ना, ते हिला द्या. आम्हा दोघींना काही हे सोडणार नाहीत. एकीलाच म्हणतील. मी नाही आले तरी चालेल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आम्ही आपला संघ हरला म्हणून खेळ बघायला नको म्हणत होतो आणि तिकडे एका पोरीचा खेळच बंद झाला होता, संघ हरला म्हणून! दोन्हीकडचं म्हणणं एकच. जिंकत असाल तोवर आवड चालेल, हरलात की आवडीचं काय काम?

त्या रात्री मी ह्यांना सांगून टाकलं, "आम्ही जाणार आहोत. कुणाची पलटण आहे म्हणून नाही. आम्हाला कबड्डी आवडते म्हणून." हे काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "स्वेटर घेऊन जा. थंडी आहे."

तोवर बाद फेरी टीव्हीवर सुरू झाली होती. २६ तारखेला जाऊबाईंनी आशा सोडली नव्हती. "यू मुंबा आहे अजून. मुंबई काय परकी आहे?" पुण्याच्या माणसानं मुंबईसाठी टाळ्या वाजवायच्या म्हणजे जिवावरचंच काम, पण आम्ही वाजवल्या. पाटणा पायरेट्सनं मुंबईला ३१-२३ नं घरी पाठवलं. दुसरं दारही बंद! पण गंमत बघा, यानंतर आम्ही खरा खेळ बघायला लागलो. कुणाचंच सुतक नव्हतं. २७ ला उपांत्य सामन्यात हरियाणानं यूपी योद्धाजला हरवलं, तेही २८-२५ नं, आपण त्यांना मार्चमध्ये हरवलं होतं त्याच गुणांनी! पाटण्यानं दिल्लीला ३२-२८ नं नमवलं. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, की चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा कोपऱ्यातला गडी कसा दबा धरून असतो. इतके दिवस नजर फक्त केशरी जर्सीवर असायची, दुसऱ्या बाजूचे सात जण दिसायचेच नाहीत.

रविवारी चार वाजता निघालो. मी, जाऊबाई, गटातल्या दोघी आणि ती पोरगी. जीपमध्ये ती खिडकीला नाक लावून बसलेली. भूगाव मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "काकू, आपण कुणाच्या बाजूनं ओरडायचं?"

चांगला प्रश्न होता! मी तिला शैलजा जैन यांची गोष्ट सांगितली. या आपल्या नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षक. २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्या इराणच्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या. त्याआधी २०१० आणि २०१४, दोन्ही वेळा सुवर्णपदक भारताच्या मुलींनीच आणलेलं. जकार्तात अंतिम सामना भारत विरुद्ध इराण झाला आणि इराण २७-२४ नं जिंकलं. आपल्या मुली रडत होत्या आणि जिंकणाऱ्या मुली ज्यांच्याकडून शिकल्या होत्या, त्या बाई आपल्याच महाराष्ट्राच्या!

"मग त्यांनी कुणाच्या बाजूनं असायचं?" मी विचारलं.

पोरगी विचारात पडली. थोड्या वेळानं म्हणाली, "ज्यांना शिकवलं त्यांच्या." आणि मग हळूच, "आपल्या मुली परत जिंकल्या का हो?"

"जिंकल्या की! ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमध्ये, हांगझोला. चायनीज तैपेईला एका गुणानं हरवलं, २६-२५. त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक होतं ते." पोरगी काही बोलली नाही. पण खिडकीतून नजर आत आली.

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं. रस्त्यावरून शंभरदा पाहिलं होतं, आत पाऊल पहिल्यांदा टाकलं. आत शिरले आणि छातीत धडधडलं. टीव्हीत तो आवाज येत नाही हो! मॅटवर गडी आपटतो तो धप्प आवाज पोटात जाणवतो. आमच्यासारखी रुसून न बसलेली माणसं बरीच होती. आमच्या पुढच्या रांगेत तर पलटणीचे केशरी टी-शर्ट घालून पोरं बसलेली.

हरियाणाचा संघ आला आणि त्यांच्यात तो होता, 'आपला इराणी'. गेल्या वर्षी आमचा, या वर्षी त्यांचा. पुढच्या पोरांनी आधी हाताच्या घड्या घातल्या. मग त्यानं पहिली पकड केली आणि त्यातला एक जण न राहवून उभा राहिला. "शादलू! शादलू!" मित्रानं त्याला खाली ओढलं, तर तो म्हणतो कसा, "अरे, खेळतोय बघ ना तो!" मग काय, सगळेच ओरडले. आम्हीसुद्धा. शिवाय हरियाणाच्या चढायांचा भार होता शिवम पटारेवर आणि तो तर आपल्या महाराष्ट्राचाच. समोर पाटण्याचा देवांक, त्या मोसमात तीनशेच्या वर गुण मिळवलेला. त्याला हरियाणाच्या बचावानं असं जखडलं, की एरवी वाघासारखा येणारा गडी पुन्हा पुन्हा बाकावर जाऊन बसत होता.

आणि ती पोरगी काय बघत होती माहीत आहे? बाकावर बसलेल्यांना! बोटांवर मोजत होती. "काकू, आता हा उठेल. मग तो. जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो." मला सासूबाईंनी निघताना सांगितलेलं आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, "पूर्वी हुतूतूचे तीन प्रकार होते. गामिनीत एकदा बाद झालं, की सगळा संघ बाद होईस्तोवर बाहेरच बसायचं. अमरमध्ये बाद झालं तरी आतच राहायचं, नुसता गुण जायचा. आणि संजीवनीत आपल्या बाजूच्या कुणी समोरचा गडी मारला, की आपला बाद झालेला उठून आत यायचा. आता टीव्हीत दाखवतात ती संजीवनी." संजीवनी! किती नेमकं नाव ठेवलंय बघा. बाद झालेला गडी स्वतःच्या जोरावर परत येत नाही. त्याच्यासाठी आतल्या कुणाला तरी एक गुण आणावा लागतो.

मला वाटलं, माळ्यावर बूट टाकलेल्या या पोरीसाठी तिच्या आईनं आपलं तिकीट दिलं, ते दुसरं काय होतं?

हरियाणा ३२-२३ नं जिंकली. त्यांचा पहिलाच चषक. त्यांचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग. खेळाडू म्हणून त्यांनी याच पाटण्याला कर्णधार होऊन चषक मिळवून दिला होता. पण प्रशिक्षक झाल्यावर दोनदा गुजरातबरोबर आणि एकदा हरियाणाबरोबर अंतिम सामना हरले. तीनदा! त्यातला शेवटचा पराभव आपल्या पलटणीनंच दिलेला. चौथ्यांदा जिंकले. गेल्या मार्चमध्ये आम्ही पेढे वाटत होतो तेव्हा ही माणसं खाली मान घालून बाहेर पडत होती, त्यांच्याकडे आमचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं. आज त्यांचा आनंद बघताना माझे डोळे भरून आले. आपल्या संघाच्या विजयाला डोळे भरून येतातच. परक्यासाठी कधी आले नव्हते.

परतताना घाटात चांगलीच थंडी होती. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, वरात बरी होती हं!"

घर आलं तेव्हा त्या पोरीचे वडील दाराशी उभे. मी मुद्दाम उतरले. म्हटलं, "भाऊ, आज जिंकलेली माणसं मागच्या वर्षी हरलेली होती." ते म्हणाले, "वहिनी, ती मोठी माणसं. आमचं दहावीचं वर्ष आहे." म्हणणं चुकीचं नव्हतं. बापालाही त्याची काळजी असतेच. पण तिची आई दारातून म्हणाली, "परीक्षेपर्यंत अभ्यास. परीक्षा झाली, की बूट खाली काढायचे. ठरलं." नवऱ्यासमोर तिला एवढ्या ठामपणे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ते 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही'ही म्हणाले नाहीत.

बूट खाली निघाले. ते आता लहान होत होते, ती उंच झाली होती. नवीन घ्यायला थोडी कुरकुर झाली, पण घेतले. आता अकरावीत आहे. संघात कधी निवड होते, कधी होत नाही. पण मैदानावर जाते.

पुढच्या मोसमात, २०२५ मध्ये, आमची पलटण साखळीत पहिली आली, अस्लम परत कर्णधार म्हणून उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना दिल्लीच्याच संघाकडून ३१-२८ असा हरली. आमच्या घरी सगळ्या जमलो होतो. या वेळी पोरगीही होती आणि तिची आईसुद्धा. शिट्टी वाजली, घरात शांतता पसरली. भाच्यानं रिमोट उचलला, तशी पोरगी म्हणाली, "थांब ना. बक्षीस समारंभ बघू दे. दिल्लीवाले चांगले खेळले."

सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बघू दे तिला."

मैत्रिणींनो, तुमचा संघ हरला, तर वाईट वाटणारच. वाटू द्या. पण टीव्हीवर कापड टाकू नका. तिकीट असेल तर जा. "तुमचं कोण आहे त्यात?" असं कुणी विचारलं, तर सांगा, "कुणी नाही. आम्हाला बघायला आवडतं." एवढं कारण पुरतं.